जर्सीवरचा चौक

मी वारली आहे, हे वाक्य मस्कतमध्ये चौदा वर्षं काढल्यावर मी पहिल्यांदा मोठ्याने बोलले, आणि नेमकं ज्याच्यापुढे बोलायला नको होतं त्याच्यापुढे बोलले. गेले होते एका मुलीला सोडवायला. अडकवून आले.

आधी माझं सांगते. मी एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते. माहेर डहाणूपासून आत, डोंगराच्या अंगाला, एका पाड्यावर. आश्रमशाळेत शिकले, मग मुंबईत लॅबचा कोर्स केला, तिथेच नवरा भेटला. तो आमच्यातला नाही. लग्नाने त्याचं आडनाव मिळालं, आणि त्या आडनावापुढे कुणी काही विचारत नाही. सासूबाई तशा वाईट नव्हत्या, पण लग्नाआधी त्यांनी मला बाजूला घेऊन एवढंच म्हटलं होतं, "कुणाला मुद्दाम सांगत बसू नकोस हं, बाळा." मी सांगत बसले नाही. पुढे पुढे त्यांनी मनाई करायची गरजच उरली नाही, माझी मीच गप्प राहायला शिकले. मुलीला माझं गाव ठाऊक होतं, दोनदा जाऊन चिकू खाऊन आली होती. आपण कोण, हे मी तिलाही कधी सांगितलं नव्हतं.

आणि गंमत बघा, दर शुक्रवारी सकाळी मी घरी वारली चित्रांचा क्लास घेते. हसा खुशाल. आठ-दहा मुलं येतात, इंग्रजीत गप्पा मारत त्रिकोणाला त्रिकोण जोडतात, आणि मी त्यांना सांगते, "वारली लोक ना, तांदळाच्या पिठाने असं भिंतीवर काढतात." जसे काही ते लोक चंद्रावर राहतात आणि मी दुर्बिणीतून बघून आले आहे. एका आईने एकदा विचारलं, कुठे शिकलात एवढं सफाईदार? मी म्हटलं, असंच, आवड म्हणून. तिला वाटलं, एखादा डिप्लोमा असेल. मी तिला तसं वाटू दिलं.

गेल्या हिवाळ्यात भारतातला एक व्यावसायिक महिला हॉकी संघ इथे सामने खेळायला आला. संघातल्या निम्म्याहून जास्त मुली आदिवासी, बहुतेक झारखंड आणि ओडिशाकडच्या, मुंडा, उरांव, खडिया. संघाच्या जाहिरातीचं काम बघणारा मॅनेजर मुंबईचा, आपल्यातलाच, मराठी बोलणारा. त्याने ठरवलं की एक सामना आदिवासी वारशाचा सोहळा म्हणून खेळायचा. खास जर्सी, सामन्याआधी नाच, सत्कार, सगळं. इथल्या मराठी मंडळाला त्याने हाताशी धरलं, आणि मंडळाच्या अध्यक्ष वहिनींनी माझं नाव पुढे केलं. वहिनी पुण्याच्या, आवाज मोठा, मन त्याहून मोठं, कुणाचंही काम अंगावर घेतील आणि मग दुसऱ्याच्या अंगावर टाकतील. "आमच्या ताई वारली काय सुंदर काढतात, तुम्ही बघाच," असं त्यांनी त्याला सांगून टाकलं.

मी तारप्याचा नाच काढून पाठवला. मध्ये तारपा वाजवणारा, भोवती गोल फेर. त्याचा फोन आला. "छान आहे मॅडम, पण हे काय, चादरींवर पण असतं. काहीतरी पॉवरफुल द्या ना. बायकांची शक्ती वगैरे."

मला असा राग आला म्हणून सांगू. चादरींवर असतं म्हणे. थांब, खरं काय असतं ते दाखवतेच तुला, असं मनात म्हणत मी त्याच दुपारी बसले आणि चौक काढला. चौक म्हणजे आमच्या लग्नात घराच्या भिंतीवर काढतात तो. चारी बाजूंनी नक्षीची किनार आणि मधोमध पालघट देवी. तिच्याशिवाय आमच्यात लग्न लागत नाही. तो लग्नाखेरीज काढत नाहीत, सुवासिनी काढतात, धवलेऱ्या म्हणजे लग्न लावणाऱ्या बायका गाणी म्हणत असतात, आणि काढून झाल्यावर भगत येईपर्यंत देवीवर कापड टाकून ठेवतात. येताजाता बघायची ती गोष्ट नाही. हे मला माहीत होतं. माझी सख्खी आत्या धवलेरी, म्हणजे मला माहीत नसेल तर कुणाला? पण मी स्वतःची समजूत घातली, ही काय भिंत आहे का, स्क्रीन आहे. आणि खरं सांगायचं तर मला दाद हवी होती. चौदा वर्षं त्रिकोण शिकवत होते, एकदा तरी कुणी तोंड वासून बघावं असं वाटत होतं.

मॅनेजरने तोंड वासलं. "हेच पाहिजे होतं, मॅडम." मला दोन दिवस जमिनीवर पाय ठेवावासा वाटला नाही.

छपाई गालाला, म्हणजे मस्कतच्या कारखान्यांच्या भागात होती, गॅरेजांच्या रांगेमागच्या एका वर्कशॉपमध्ये. नमुना पास करायला मी गेले. आत मशिनांची उष्णता, बाहेर कुणीतरी पत्रा ठोकत होता. छापणारा केरळचा, त्याने एका प्लॅस्टिकच्या धडावर जर्सी चढवून ठेवली होती. छातीभर चौक, आणि मध्ये देवी उघडी. कापड तिच्यावर टाकायचं असतं, आणि इथे तीच कापडावर होती. "खलास, मॅडम?" त्याने विचारलं. म्हणजे झालं ना, छापू ना. त्या क्षणी नाही म्हणायला काय लागत होतं? माणूस मशीन बंद करून उभा होता. मी म्हटलं, "खलास."

सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी संघाचा सराव होता आणि तिथेच जर्सी वाटणार होते. वहिनी, मी आणि माझी मुलगी बघायला गेलो. मुलगी पंधरा वर्षांची, शाळेच्या हॉकी संघात आहे, तिला गोलकीपर व्हायचंय. त्यामुळे तिचं सगळं लक्ष संघाच्या गोलकीपरकडे. ती मुलगी विशीतली, बुटकी, रुंद खांद्यांची. पायांना ते मोठाले पॅड बांधूनही अशी झपकन आडवी पडायची की चेंडू तिच्या पोटावर आपटून परत जायचा. सामन्याआधी टर्फवर पाणी मारतात, सरावालाही मारलं होतं, आणि ती प्रत्येक वेळी छाती-पोटाने त्या पाण्यात घसरत जायची. माझी मुलगी म्हणाली, "आई, खालचे बॉल तिच्यासारखे कोणीच नाही अडवत. ती घाबरत नाही पडायला."

सराव संपल्यावर जर्सी वाटल्या. मुली खूश झाल्या, एकमेकींना लावून बघायला लागल्या, एक जण म्हणाली की आमच्या घरच्या भिंतींवरसुद्धा असं काढतात, पण वेगळं. गोलकीपरने तिची जर्सी उलगडली, बघितली, आणि नीट घडी करून मॅनेजरच्या हातात परत दिली. मराठीत म्हणाली, "सर, ही मी नाही घालणार."

तिचं मराठी ऐकूनच मला कळलं. तो हेल मी झोपेतही ओळखीन. ती जव्हारकडची निघाली. सगळ्या संघात एकटी वारली.

"का गं? साइज चुकली?" मॅनेजर म्हणाला.

"हा लग्नातला चौक आहे. ही देवी आहे. मी गोलकीपर आहे सर, मी पोटावर पडते. हिला खाली घेऊन मी पाण्यात कशी लोळू?"

"अगं, डिझाइन आहे ते."

"देवी आहे," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, काही नाही. मॅनेजर पहिल्यांदा हसला, मग समजावायला लागला, मग चिडला. बाकी सगळ्या घालतायत, दुसरी जर्सी आणलेली नाही, प्रायोजक येणार आहेत. शेवटी खालच्या आवाजात म्हणाला, "तुझ्या पुढच्या हंगामाच्या कराराचं बोलणं या दौऱ्यानंतर आहे, हे लक्षात ठेव. अंधश्रद्धा घेऊन मैदानात यायचं नसतं." तिने मान खाली घातली. वहिनी माझ्या कानाशी कुजबुजल्या, "काय बाई, शिकलेल्या मुली आणि हे." मी त्यांच्या शेजारी उभी होते. चौक माझा होता, आणि मी माझ्या पर्सची चेन लावत होते.

घरी गेले आणि मला काही सुचेना. स्वयंपाकात मीठ विसरले. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू जाऊन सांग ना मॅनेजरला, मुलगी म्हणते ते खरं आहे म्हणून. तुझं ऐकेल." मी म्हटलं, "मला कसं माहीत म्हणून विचारलं तर?" तो म्हणाला, "तेही सांग."

सकाळी हॉटेलवर गेले. मॅनेजर नाश्ता करत होता. मी उभ्याउभ्याच सांगितलं. "मी वारली आहे. ती मुलगी म्हणते ते खरं आहे. तो चौक असा काढायचा नसतो, अंगावर तर नाहीच नाही. चूक माझी आहे, तिची नाही. तिला साधी जर्सी द्या. मी आत्ता गालाला जाते, दोन तासांत एक साधी छापून आणते."

मला वाटलं, आता तो चिडेल, नाहीतर तुच्छतेने बघेल. कुठलं काय. त्याने चमचा खाली ठेवला आणि त्याचा चेहरा उजळला.

"मॅडम, तुम्ही स्वतः वारली आहात? आणि हे आत्ता सांगताय?" तो उठूनच उभा राहिला. "अहो, मला काल रात्रीपासून धास्ती होती, उद्या कुणी नावं ठेवली तर काय उत्तर द्यायचं. आता प्रश्नच मिटला. अस्सल वारली कलाकाराने काढलेली जर्सी. आज तुमचा सत्कार करू या."

मी म्हटलं, "तुम्ही ऐकताय का मी काय सांगतेय?" तो ऐकत होता हो, पण त्याला हवं तेवढंच. माझ्या दंडाला हलकेच धरून त्याने मला लॉबीच्या दुसऱ्या टोकाला नेलं. तिथे ती मुलगी स्टिकला टेप गुंडाळत बसली होती.

"हे बघ," तो तिला म्हणाला. "या तुमच्यातल्याच. वारली. ही जर्सी यांनीच काढलीय. यांना चालतं, मग तुला काय अडचण आहे?"

करायला गेले गणपती आणि झाला मारुती म्हणतात ना, तसं झालं. पण मारुतीवर हसता तरी येतं. मी "नाही नाही, मला चालत नाही" असं म्हणत होते, आणि माझ्याच कानांना ते खोटं वाटत होतं. काढलं कुणी? मीच ना?

मुलगी उठली. आमच्या बोलीत तिने मला विचारलं, कुठला पाडा. मी सांगितला. तुमच्याकडे धवलेरी कोण, तिने विचारलं. मी म्हटलं, माझी आत्या. तिने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"मला वाटलं होतं, कुणीतरी पुस्तकात बघून काढलं असेल. त्यांना काय सांगणार, त्यांना कळत नाही." तिने मॅनेजरच्या हातातून जर्सी घेतली. "द्या सर. घालते."

मॅनेजर माझ्याकडे वळून हसला आणि म्हणाला, "थँक्यू मॅडम." मी त्या गुळगुळीत फरशीवर उभी, आणि मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटत होतं.

सामना चारला होता. तोवर वहिनींपर्यंत बातमी पोचली होती. त्यांनी मला गेटपाशीच मिठी मारली. "अगं सांगायचं ना इतकी वर्षं. किती छान. आमच्याकडे पुण्याला कामाला होती ती पण तुमच्यातलीच होती, इतकी प्रामाणिक." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगीन. माझी मुलगी माझ्या बाजूला होती. तिने ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं.

मैदानावर दोन्ही संघ ओळीने उभे राहिले, मंडळातल्या मुलांनी कमरेला पानं बांधून फेर धरला, आणि मग लाउडस्पीकरवर माझ्याविषयी बोलले. अस्सल वारली कलाकार, मस्कतची शान. मी गेले. लिहायला लाज वाटते, पण गेले. शाल घेतली, नारळ घेतला. सोळा मुलींच्या सोळा छात्यांवर पालघट देवी उघडी उभी होती, आणि टोकाला गोलकीपर टाळ्या वाजवत नव्हती, हात मागे बांधून समोर बघत होती.

खेळ सुरू झाला. पहिली काही मिनिटं मला काही कळलं नाही. हॉकी मला तेवढी कळत नाही, मुलीमुळे बघते. उंच चेंडू गोलकीपर हाताने अडवत होती, अंगावर आलेले पायाने मारून लावत होती. मग समोरच्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला. चेंडू जमिनीलगत आला, तिच्या डाव्या बाजूने, फार लांबून नाही. ती पाय ताणून वाकली, आणि चेंडू आत गेला.

"अरे, पड ना," मागच्या रांगेतला एक जण म्हणाला.

दुसरा गोल तसाच. काल सरावात असे दहा चेंडू तिने पोटावर घेतले होते. एकदा अगदी तोल गेला तेव्हा तिने भर पडताना अंग वळवलं आणि पाठीवर आदळली. डोकं हेल्मेटसकट टर्फवर आपटलं, पाणी उडालं, आणि ती तशीच उताणी, दोन्ही हात छातीवर आडवे धरून, क्षणभर पडून राहिली. मॅनेजर बाजूला हातवारे करत होता. मागचा माणूस म्हणाला, "झोपलीय का ही? आळशी कुठली." वहिनी म्हणाल्या, "कालपासून नाटकंच चाललीयत तिची."

तिथे तरी मी वळून बोलायला हवं होतं. मांडीवर सत्काराची शाल होती.

माझी मुलगी मात्र बघत होती. तिला खेळ कळतो. दुसऱ्या गोलानंतर ती माझ्याकडे वळली आणि तिच्या अडखळत्या मराठीत म्हणाली, "आई, ती मुद्दाम नाही पडत ना पुढे? ती का नाही डाइव्ह करत?"

"तिच्या छातीवर देवी आहे," मी म्हटलं. "ती पाण्यात, पोटाखाली घ्यायची नाहीये तिला. ती देवी मी काढली. काढायची नसते हे माहीत असून काढली."

"तू वारली आहेस."

"हो."

"मग मी?"

"तू पण, अर्धी."

ती परत मैदानाकडे बघायला लागली. तिसरा गोलही खालूनच गेला, आणि आमचा संघ तीन-एकने हरला. गोलकीपर तिन्ही गोलांच्या वेळी उभी होती. एवढ्या लोकांत ते का, हे तिला, मला आणि आता माझ्या मुलीला माहीत होतं.

सामना संपल्यावर गर्दी फोटो काढायला मैदानात शिरली. आम्ही कठड्याशी थांबलो. ती आमच्याकडे आली तेव्हा अंगात संघाचं जॅकेट होतं आणि हातात घडी केलेली जर्सी. ती तिने कठड्यावरून माझ्यापुढे धरली.

"हात लावून बघा," ती म्हणाली.

मी हात लावला. पाठीची बाजू पिळून निघेल इतकी ओली होती. पुढची बाजू चार शिंतोडे सोडले तर कोरडी.

"ही तुम्ही न्या," ती म्हणाली. "मी बॅगेत बुटांबरोबर नाही ठेवू शकत, आणि कचऱ्यात नाही टाकू शकत. हिचं पुढे काय करायचं मला माहीत नाही. तुमच्या घरी धवलेरी आहे." मी माफी मागायला तोंड उघडलं तोवर तिला हाक आली आणि ती गेली. जाताना माझ्या मुलीच्या खांद्यावर थोपटून गेली, मला नाही.

त्या संध्याकाळी मी मॅनेजरला भलामोठा मेसेज लिहिला. ती का पडली नाही, त्यात तिचा दोष कसा नाही, सगळं. त्याचं उत्तर दोन दिवसांनी आलं. मी कुणाला दाखवलं नाही.

महिन्या-दीड महिन्याने संघाने पुढच्या हंगामाची यादी लावली. मुलीने जेवणाच्या टेबलावर फोनवर ती उघडली, वर नेली, खाली आणली, परत वर नेली. "आई, तिचं नाव नाहीये," ती म्हणाली. "दोन नवीन गोलकीपर घेतल्यात." मग थोड्या वेळाने, "तू त्यांना सांगितलं होतंस ना, ती का नाही पडली?"

"सांगितलं होतं."

"मग ते काय म्हणाले?"

"म्हणाले, तुमची तळमळ समजते, मॅडम. पुढच्या वर्षीची जर्सीही तुम्हीच करा."

"तू काय म्हणालीस?"

"मी म्हणाले, नाही."

"आता म्हणालीस नाही," ती म्हणाली, आणि फोन उलटा ठेवून तिच्या खोलीत अभ्यासाला गेली.